अकरा मिनिटांचा कॅरिअर

“ओढू नका सर, ढील द्या! ढील!”

इसाकभाई मुजावर सिल्व्हर ओकच्या झाडावर, जमिनीपासून तीस फुटांवर, एका हातानं फांदी धरून ओरडत होते आणि मी गच्चीवर तारेचं दुसरं टोक धरून नेमका ओढतच होतो.

“ढीलच देतोय की!”

“कुठली ढील? माझ्या हाताला हिसका बसतोय. मी पडलो तर रझिया तुम्हाला सोडायची नाही, आधीच सांगून ठेवतो.”

मी कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस. पण तार कधी ओढायची आणि कधी सोडायची, हे मला झाडावर बसून एक मोटार रिवाइंडिंगवाला शिकवत होता. आमची जोडी होतीच तशी. कागदावरचं गणित माझं, आणि ते उभं करणारे हात त्यांचे.

ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरातली, गडहिंग्लजची. आम्हा दोघांना हॅम रेडिओचा नाद. म्हणजे सरकारकडून रीतसर परवाना घ्यायचा, स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, मिळवायचं आणि घरातल्या सेटवरून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. त्यातून काय मिळतं, असं आमची ही लग्नापासून विचारत आली, मला एकदाही धड उत्तर देता आलं नाही. इसाकभाईंचं संकेश्वर रोडवर वर्कशॉप. वय अठ्ठेचाळीस, शाळा सातवीपर्यंत. एकदा कॉलेजच्या पंपाची मोटार घेऊन आले आणि माझ्या टेबलावरचा सेट बघून तिथंच उभे राहिले. पुढं अकरा महिने रोज संध्याकाळी ते माझ्याकडं मोर्स शिकायला येत. वर्कशॉपात मोटारीच्या बॉडीवर स्क्रू-ड्रायव्हरनं टक-टक करत सराव करायचे, गिऱ्हाइकाला वाटायचं बेअरिंग तपासताहेत. परीक्षा पास झाले त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि भर अंगणात माझ्या पाया पडायला वाकले. मी अंग चोरलं, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

आणि आता आम्ही लूप अँटेना बांधत होतो. चौकोनी, आडवा, एकशे एक्केचाळीस फूट अखंड तारेचा. एक कोपरा सिल्व्हर ओकला, एक शेजारच्या माडाला, दोन गच्चीवरच्या पाइपांना. गंमत अशी की लांबी बरोबर साधली, तर त्याच एका तारेवर चाळीस, वीस, पंधरा आणि दहा मीटर असे चारही बँड चालतात. फक्त खाली सेटजवळ ट्यूनर लावायचा आणि बँड बदलला की त्याची बटणं फिरवून जुळवून घ्यायचं. तांब्याची तार इसाकभाईंच्या रिळावरची. खाली येणाऱ्या दोन तारांमध्ये अंतर राहावं म्हणून त्यांनी वायरिंगच्या पाइपाचे बोटभर तुकडे कापून, भोकं पाडून शिडी केली होती. साठ तुकडे, सगळे एका मापाचे.

असाच लूप आठवडाभर आधी त्यांनी स्वतःच्या वर्कशॉपवर उभा केला होता. “आधी माझ्याकडं करून बघतो सर,” म्हणाले होते. “चुकायचं असलं तर माझ्याकडं चुकू दे.”

चुकलं काहीच नाही. पण आठवडाभर ते रोज सकाळी नेटवर विचारत होते, “आता कसा येतोय सिग्नल? आणि आता?” नेट म्हणजे आमची हजेरी. सकाळी सातला महाराष्ट्रातले पंचवीस-तीस हौशी चाळीस मीटरवर एकाच फ्रीक्वेन्सीवर जमायचे आणि पुण्याहून मेजर घारपुरे एकेकाचं कॉलसाइन पुकारायचे. लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेला माणूस. आवाज असा की आपण घरात बसून ताठ व्हायचो. ते मुजावरांना चिडवायचे, “अहो, किती ट्यून करता? लोकांना बोलायलाही जागा ठेवा!” सगळे हसायचे. इसाकभाईही हसायचे.

त्या दिवशी ऊन उतरेस्तोवर लूप वर गेला. तार अशी सरळ ताणली होती की कावळ्यानंसुद्धा दोन घिरट्या घालून मग बसायचं धाडस केलं. खाली येऊन आम्ही सेट लावला, पण तेवढ्यात दिवेच गेले. दोन दिवस घाटावर धो धो पाऊस झाला होता, विजेचा काही नेम नव्हता.

“राहू दे सर,” इसाकभाई म्हणाले. “उद्या साडेसातला येतो, दोघं मिळून ट्यून करू. नेट संपू दे आधी.”

“हो हो,” मी म्हणालो.

मी थांबणार नव्हतो, हे मला तेव्हाच माहीत होतं. मला सातच्या हजेरीला नव्या लूपवरून बोलायचं होतं. ‘वा थोरवत सर, काय सिग्नल आहे!’ हे मेजरांच्या तोंडून ऐकायचं होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, पण हाव लहान पोरासारखी.

सकाळी सातला पाच कमी असताना मी सेट चालू केला. फ्रीक्वेन्सी नेटचीच होती. सेटमधून कसलाच आवाज आला नाही. मला वाटलं, अजून कुणी आलेलं नाही.

इथं एक सांगायला हवं. ट्यूनर जुळवताना सेटमधून कोरा सिग्नल सोडावा लागतो. त्याला कॅरिअर म्हणतात. त्यात बोलणं नाही, नाव नाही, नुसती एकसुरी शिट्टी. ती ज्या फ्रीक्वेन्सीवर सुटेल तिथलं दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून पहिला नियम असा की पाच मिनिटं नीट ऐकायचं, जागा मोकळी आहे ना बघायचं, आणि तरीही बाजूला सरकून कॅरिअर सोडायचा. इसाकभाईंना मी हा नियम इतक्यांदा सांगितला होता की एकदा ते म्हणाले, “सर, आता झोपेतसुद्धा बाजूला सरकतो मी. रझिया विचारते, काय झालं?”

मी पाच मिनिटं ऐकलं नाही. पाच सेकंदही नाही. बटण दाबलं आणि मीटरच्या काट्याकडं बघत ट्यूनर फिरवायला लागलो. काटा जितका खाली, तितकं चांगलं जुळलेलं. काटा वर जाई, मी दुसरं बटण फिरवी, काटा खाली येई. पुन्हा वर. मग एकदम तो असा खाली आला आणि तिथं बसला की मी खुर्चीत एकटाच ‘क्या बात है’ म्हणालो. तेवढ्यावर थांबलो नाही. आणखी थोडा खाली येतो का बघू म्हणून पुन्हा दाबलं. पुन्हा.

मग आवाजाच्या बटणाकडं लक्ष गेलं. ते शून्यावर होतं. आदल्या संध्याकाळी दिवे गेले तेव्हा मीच ते पार खाली आणून ठेवलं होतं.

मी आवाज वाढवला.

“...कोण आहे तो गाढव? कॅरिअर बंद करा! इमर्जन्सी आहे! बंद करा!” मेजर घारपुरे घसा फाटेस्तोवर ओरडत होते. “आंबेखोल, आंबेखोल, पुन्हा सांगा. लस कुठं पोचवायची? रस्ता कोणता? ओव्हर.”

उत्तर आलं नाही. मेजरांनी सहा-सात वेळा पुकारलं. नुसती खरखर.

झालं होतं ते असं. घाटात दरड कोसळून खालच्या अंगाचे फोन बंद पडले होते. आंबेखोलच्या शाळेतले एक मास्तर हॅम होते. ते गाडीच्या बॅटरीवर सेट लावून पावणेसातपासून हाका मारत होते. त्यांच्या वाडीजवळ काजूच्या बागेत काम करणाऱ्या एका बाईला घोणस चावली होती. आरोग्य केंद्रातली लस संपली होती. लस हवी, एवढं नेटवर पोचलं. मेजरांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. ती कुठं पोचवायची, दरडीच्या कुठल्या बाजूनं रस्ता चालू आहे, हे मास्तर सांगायला लागले आणि वर माझी शिट्टी सुरू झाली. बॅटरी उतरत होती. मास्तर तेच तेच सांगत राहिले असतील बिचारे. मला वाटलं मी तीन-चार मिनिटं ट्यून केलं. मेजरांच्या वहीत अकरा मिनिटांची नोंद होती.

शेवटी पोलिसांच्या वायरलेसवरून लस पोचवायची जागा आणि रस्ता कळायला आणखी अडीच तास गेले. बाई वाचली. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. घोणसेच्या विषानं ती बोटं लवकर लस मिळूनही गेली असती, असं डॉक्टर म्हणाल्याचं मागाहून कळलं. गेली असती किंवा नसतीही. त्या वाक्याला मी पुढं कितीतरी वर्षं लोंबकळून राहिलो.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मेजर विचारत होते, “कॅरिअर कोणी टाकला? मला आत्ता, इथं नाव हवंय.”

मी माइक उचलला. खरंच उचलला होता. ‘मी थोरवत’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्यासमोर सगळे चेहरे येऊन गेले, ज्यांना मी नियम शिकवले, ज्यांच्या परीक्षा घेतल्या. दोन सेकंद गेले, मग पाच.

तेवढ्यात सोलापूरकडचं कुणीतरी म्हणालं, “मेजर, मुजावरांना विचारा. आठवडाभर त्यांचंच चाललंय ट्यूनिंग.”

“मुजावर! आहात का?”

“आहे सर.” इसाकभाईंचा आवाज माझ्या सेटमध्ये दणदणीत आला. गावातल्या गावात, तसाच येणार. “मी नव्हतो सर. मी नुसता ऐकत होतो.”

“मग कोण होतं?”

 

“मी नव्हतो सर,” ते पुन्हा म्हणाले.

“घरी जोडलेला सेट, नवा परवाना, नवा अँटेना. चूक झाली तर कबूल करायला लाज कसली?” मेजर कडाडले. “थोरवत! तुम्ही ऐकताय का? तुमचे शिष्य आहेत ना हे? काय म्हणणं आहे तुमचं?”

माइक हातातच होता. मी बटण दाबलं आणि म्हणालो, “येस मेजर. मी... मी बोलतो त्यांच्याशी.”

बस, एवढंच. यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोर्टात उभं केलं असतं तरी मी सुटलो असतो.

साडेसातला इसाकभाई आले नाहीत.

संध्याकाळी मीच वर्कशॉपवर गेलो. का गेलो? कबूल करायला निघालो होतो, देवाशपथ. वाटेत चार वेळा वाक्य म्हणून बघितलं. इसाकभाई एका पाणबुडी मोटारीत कॉइल भरत बसले होते. मागं त्यांचं घर, मधे नुसता पडदा. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं. आतून रझियाभाभींनी चहा पाठवला.

“सकाळचं...” मी सुरुवात केली.

“बोला सर.”

त्यांनी मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी बोललो असतो. ते वाट बघत होते, नुसती वाट. पडद्यामागं भांड्यांचा आवाज थांबला होता. आणि माझ्या तोंडून आलं ते हे :

“होतं असं. नव्या माणसाकडून होतं. फार मनाला लावून घेऊ नका.”

इसाकभाई “बरं सर” म्हणाले आणि पुन्हा कॉइल भरायला लागले.

त्यानंतर त्यांचं कॉलसाइन हवेत आलं नाही. मेजर हजेरीत दोन महिने पुकारत राहिले, मग त्यांनी नाव वगळलं. पंधरवड्यात वर्कशॉपवरचा लूपही दिसेनासा झाला. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं. कॉलेजची मोटार जळली तर शिपायाला म्हणायचो, कोल्हापूरला ने. बाजारात समोरासमोर आलो तर ते “सलाम सर” म्हणायचे आणि मी घड्याळात बघायचो.

माझा लूप मात्र उत्तम चालला. जपान, ब्राझील, अंटार्क्टिका, सगळं त्यावर केलं. मेजर गेल्यावर नेट चालवायची जबाबदारी लोकांनी माझ्याकडं दिली. शिस्तीचा माणूस म्हणून माझं नाव झालं. नव्या मुलांना मी सांगायचो, आधी पाच मिनिटं ऐका. सांगताना जीभ अडखळायची नाही, याचं आता मला जास्त वाईट वाटतं.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका सकाळी हजेरी चालू असताना मधेच कुणीतरी कॅरिअर सोडला. मी ओरडलो, “कोण आहे ते?” शिट्टी थांबली आणि एका बाईचा आवाज आला. नांदेडच्या डॉक्टर होत्या, परवाना मिळून महिना झालेला.

“सॉरी सर, मी होते. माझ्या सेटचा आवाज बारीक राहिला होता, लक्षातच आलं नाही. माझी चूक झाली.”

एवढं सोपं होतं. नाव, चूक, माफी. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि नेट पुढं सुरू झालं. मी पुढची तीन कॉलसाइन चुकीची पुकारली.

त्याच दिवशी दुपारी कॉलेज सुटल्यावर मी संकेश्वर रोडला गेलो. इसाकभाई म्हातारे झाले होते, डोळ्यांना जाड भिंग. तसेच उठले, तसंच स्टूल पुसलं.

मी बसलो नाही. “इसाकभाई, तो कॅरिअर माझा होता.”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“त्याच वेळेपासून. सर, तुम्हीच शिकवलं की. माझ्या सेटवर सिग्नलचा काटा पार शेवटाला जाऊन टेकला होता. पुण्याचा, सोलापूरचा सिग्नल एवढा कधी येतो का? गावातला माणूस पाहिजे. आणि गावात हॅम आपण दोघंच.”

हे मलाही त्याच सकाळी कळलं होतं. ‘मी बोलतो त्यांच्याशी’ म्हणताना मला पक्कं माहीत होतं की इसाकभाईंना माहीत आहे, आणि ते बोलणार नाहीत. मी त्यावरच विसंबलो होतो. नऊ वर्षं मी हे स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

“मग बोलला का नाहीत? मेजरांनी विचारलं होतं.”

“ज्यानं शिकवलं त्याचं नाव मी घेऊ?” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. “वाटलं, सर सांगतील. तुम्ही इथं आलात तेव्हा वाटलं, सांगायलाच आलेत. लूप काढला तरी वर्षभर रोज सातला सेटला तुकडाभर तार लावून ऐकत बसायचो. आज सांगतील, उद्या सांगतील. मग सोडून दिलं.”

“उद्या सांगतो. नेटवर, सगळ्यांसमोर. आता नेट मीच चालवतो.”

“कुणाच्या समोर सर?” आवाजात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. “मेजर गेले. सोलापूरचे ते अमेरिकेला पोराकडं गेले म्हणे. बाकीचे पण जुने कोण राहिलेत? नवी पोरं म्हणतील, मुजावर कोण?”

नऊ वर्षं मी जे सांगायला घाबरलो, ते ऐकायला आता कुणी उरलेलंच नव्हतं.

“सांगायचंच असलं तर एकाच माणसाला सांगा,” इसाकभाई म्हणाले. मग मान वळवून त्यांनी हाक मारली, “रझिया! जरा बाहेर ये.”

“अहो, त्यांना कशाला...”

“तिनं त्या दिवशी पडद्यामागून ऐकलं होतं. सर स्वतः बोलले, म्हणजे खरंच असणार, असं तिला वाटलं. मी एकदा नाही म्हणून बघितलं. तिला पटलं नाही. मग मी पण म्हणायचं सोडलं.”

रझियाभाभी हात पुसत बाहेर आल्या. केस पांढरे झालेले. “सर? किती दिवसांनी!” म्हणाल्या आणि हसल्या.

मी सांगितलं. उभ्याउभ्या, सगळं, सेट चालू केल्यापासून ‘नव्या माणसाकडून होतं’ पर्यंत. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

त्या माझ्याकडं वळल्याच नाहीत. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं.

“मी तार काढायला लावली तुम्हाला,” त्या हळू म्हणाल्या. “एका बाईचा हात तुमच्या खेळापायी गेला, असं मी म्हणाले. आपल्या पोरींच्या देखत म्हणाले. कितीदा म्हणाले.”

“जाऊ दे,” इसाकभाई म्हणाले.

“नऊ वर्षं मला म्हणू दिलंत?”

त्या तिथंच मोटारींच्या मधे खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. इसाकभाई उठून त्यांच्याजवळ गेले आणि वाकून उभे राहिले. भाभींनी मला एक शब्दही विचारला नाही, एक शिवी दिली नाही. मी स्टुलाशेजारी उभा होतो, आणि जा असंही कुणी म्हणत नव्हतं.